तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो बघून साप का ओळखत नाही?

"एवढी वर्षं साप पकडता, आणि साधा फोटो बघून नाव सांगत नाही? माज आलाय का?" हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाच लिहितो. माज नाही.

पूर्वी मी दोन मिनिटांत उत्तर द्यायचो आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. मग ऐन कापणीत गावातल्या एका काकांचा फोटो आला. खाचरातलं पाणी नुकतंच उतरलेलं, चिखलात रुतलेलं जाडजूड वेटोळं, डोकं पेंढ्याखाली. मी लिहिलं, "अजगराचं पिल्लू आहे, बिनविषारी. मारू नका, गोणीत घालून रानात सोडा."

ती घोणस होती.

घोणशीच्या पाठीवर काळ्या कडेच्या गोल ठशांच्या तीन रांगा असतात, साखळीसारख्या. अजगराचे चट्टे वेडेवाकडे, एकासारखा दुसरा नाही. हे मी शाळाशाळांत चित्रं दाखवून शिकवत होतो. तो फोटो मी अजून ठेवलाय. मोठा करून बघितला की चिखलाखालून मधली रांग दिसते. तेव्हा मी तो मोठा केला नव्हता.

गोणीत घालताना काकांच्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर दात लागले. त्यांनी हळद दाबली आणि पुन्हा कापणीला लागले, कारण मी बिनविषारी म्हणालो होतो. अडीच तासांनी हात कोपरापर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा मला फोन आला. दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवलं. सिस्टरने नळी तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखं कडेपर्यंत वाहत आलं. एव्हाना त्याची गुठळी व्हायला हवी होती. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, मूत्रपिंडंही जाऊ शकतात. काकांना प्रतिविष दिलं, पुढे डायलिसिसही लागलं. ते वाचले. अंगठा मात्र अजून मिटत नाही, विळा डाव्या हातात धरतात. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. काकूंनी एकदाच विचारलं, "तू नीट बघितला होतास ना रे फोटो?" मी हो म्हणालो.

डोकं झाकलेलं होतं, कुणीही चुकलं असतं, असं मी वर्षभर स्वतःला सांगत राहिलो. ते खोटं नाही. पण मी "बिनविषारी" लिहिलं नसतं तर काकांनी तिला हात लावला नसता, आणि ते अडीच तासही गेले नसते.

आणि नाव हवंय कशाला? साप चावला असेल तर नावासाठी थांबायचंच नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर आपल्याकडे एकच प्रतिविष देतात, आणि डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात. दोरी आवळू नका, हात हलवू नका, गाडी काढा. चावला नसेल तर लांब राहा. उंदरांमागे घोणस खाचरात येते आणि माणूस दिसला म्हणून पळतेच असं नाही. जागेवर बसून कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. तो आवाज आला की पाय तिथेच थांबवा. पेंढी उचलण्याआधी लांब काठीने हलवून बघा. एवढं मी कुणालाही, कितीही वेळा सांगेन.

तरी माझ्यातला जुना माणूस भांडतो. म्हणतो, तू नाव सांगत नाहीस म्हणून माणसं साप मारतात. गेल्या महिन्यात दिवडीचा, म्हणजे बिनविषारी पाणसापाचा, फोटो आला. पाठीवर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, डोळ्यामागे दोन काळ्या तिरप्या रेघा, अगदी स्वच्छ. मला पहिल्या नजरेत कळलं. मी नेहमीचंच लिहिलं, "लांब राहा, येतोय." पोचायला चाळीस मिनिटं लागली. दिवड बांधावर ठेचलेली होती, तोंडातून अर्धवट गिळलेला बेडूक बाहेर आला होता.

काठी हातात घेतलेला पोरगा म्हणाला, "तुम्ही काहीच बोलला नाहीत, म्हणून आम्हाला वाटलं विषारीच असणार."