दोह्यातला एक दिवस आणि बडोद्याचा मोत्यांचा गालिचा

दोह्यात क्रूझ लागते ती जुन्या बंदरात, म्हणजे शहराच्या अगदी कुशीत. डेकवरून वेस्ट बेचे काचेचे टॉवर समोर दिसतात आणि बरेच प्रवासी उतरल्या उतरल्या टॅक्सी करून तिकडेच सुटतात. माझं ऐकाल तर ते टॉवर डेकवरूनच डोळे भरून बघा, आणि उतरल्यावर आधी कतारचं राष्ट्रीय संग्रहालय गाठा. मराठी माणसाने तर नक्कीच.

कारण तिथे बडोद्याचा मोत्यांचा गालिचा आहे. खंडेराव महाराज गायकवाडांनी तो 1865 च्या सुमारास करून घेतला, मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी. एका मराठा राजाचा हा संकल्प! 1870 मध्ये महाराज गेले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे तो राजघराण्याबरोबर युरोपात गेला, 2009 मध्ये दोह्यातच त्याचा लिलाव झाला. हरणाच्या कातड्यावर रेशीम आणि त्यावर पंधरा लाखांच्या आसपास बसरा मोती. काचेजवळ जाऊन नीट बघा: लांबून साईसारखी दिसणारी जमीन म्हणजे खसखशीएवढे मोती आहेत, एकाला एक चिकटून, आणि त्यातून लाल-निळ्या वेली फिरतात. मधोमध हिऱ्यांची तीन मोठी फुलं. मी तिथून हललेच नाही बराच वेळ.

हे मोती याच आखातातले. नाकाला चिमटा आणि पायाला दगड बांधून बुडी मारणाऱ्या माणसांनी काढलेले, मुंबईच्या बाजारात विकले गेलेले. त्याच दालनात या बुडी मारणाऱ्यांचं सामानही मांडलंय, ते पाहिलं की गालिच्याची खरी किंमत कळते. जपानचे कल्चर्ड, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, मोती आले आणि 1930 च्या आसपास हा धंदा बसला. गावंच्या गावं उपाशी पडली. तेल सापडलं ते त्यानंतर. काचेचे टॉवर बघताना एवढं लक्षात असू द्या.

इमारतही बघण्यासारखी आहे. वाळवंटात स्फटिकांची जी फुलं सापडतात, त्यांच्यावरून वास्तुविशारद झाँ नुव्हेल यांनी ती रचली. 2019 मध्ये उघडली. आत सुमारे दीड किलोमीटर चालणं होतं, जमीन आणि भिंती तिरक्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी सोबतच्या माणसाला आधीच सांगून ठेवावं. निदान अडीच तास हाताशी ठेवा.

तिथून मेट्रोची गोल्ड लाइन घ्या. पुढचंच स्टेशन सूक वाकिफ, म्हणजे दोह्याचा जुना बाजार. एका फेरीला 2 रियाल, दिवसभराचा पास 6 रियाल. टॅक्सीची गरजच नाही. फक्त बाजारात भर दुपारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. तो वेळ इस्लामी कला संग्रहालयाला द्या. वास्तुविशारद आय. एम. पेई यांनी नव्वदीकडे झुकताना उभारलेली ही इमारत. भोवती पुढे कुणी टॉवर उठवू नये म्हणून त्यांनी समुद्रात बेटच बांधून घेतलं. आतलं सगळं बघून होत नाही. वरच्या मजल्यांवरचे उस्तुरलाब (ताऱ्यांची उंची मोजायची जुनी यंत्रं) आणि कुराणाची जुनी पानं तेवढी चुकवू नका.

चार वाजून गेले की सूक जागा होतो. ससाण्यांच्या गल्लीत आधी जा. डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या घातलेले ससाणे ओळीने बसलेले असतात. फोटोआधी दुकानदाराला विचारा, बहुतेक जण हसून होकार देतात. मरून रंगाच्या जाकिटातले म्हातारे हमाल हातगाड्या घेऊन गर्दीतून वाट काढतात, त्यांना वाट द्या. मसाले, खजूर, करक म्हणजे कडक दुधाचा चहा, तव्यावरची पातळ रगाग पोळी. जेवायला मजबूस, म्हणजे मसालेदार मांस-भात, मागवलात तर दोघांत एक पुरतो. शाकाहारींचे हाल होत नाहीत, भारतीय खानावळी भरपूर आहेत.

काही गोष्टी निघण्याआधी बघून घ्या. भारतीय पासपोर्टवर उतरायचे नियम क्रूझ कंपनीकडून लेखी मागवा. शुक्रवार असेल तर संग्रहालयं दुपारी दीडला उघडतात, मेट्रोही उशिरा सुरू होते; म्हणजे क्रम उलटा करावा लागतो. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, तरी दुपारी ऊन लागतंच, पाणी बरोबर हवं.

आणि दुबई-अबूधाबीहून येत असाल तर कतारचं घड्याळ तासभर मागे असतं. फोन आपोआप बदलतो, जहाज कधी बदलतं, कधी नाही. परतीची वेळ कुठल्या घड्याळाने, हे उतरतानाच दारावरच्या माणसाला विचारून घ्या.