हिप्परगा तलावाचा काठ: जानेवारीतल्या दोन पहाटा

कोजागरीला तुळजापूरच्या वाटेने पायी निघालेला प्रत्येक सोलापूरकर हिप्परग्याच्या तलावाजवळून गेलेला असतो, पण तो बहुधा रात्री, गर्दीत आणि पोटरीत आलेले गोळे चोळत. मीही अनेक वर्षे तसाच गेलो. या जानेवारीत मात्र, संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, मावसभावाला सोबत घेऊन लागोपाठ दोन दिवस केवळ तलावाचा काठ चालण्यासाठी आणि छायाचित्रे काढण्यासाठी गेलो. पहिली पहाट जवळजवळ वाया गेली, दुसरी साधली. जे चुकले ते माझेच होते आणि सहज टाळता येण्यासारखे होते, म्हणून ते सविस्तर लिहितो.

तलावाचे कागदोपत्री नाव एकरुख. आदिला नदी अडवून १८७१ साली पूर्ण झालेला हा मातीचा बांध सुमारे २,३६० मीटर लांब असून शहरापासून जेमतेम आठ किलोमीटरवर आहे. सह्याद्रीतल्या धरणांवर पाण्यामागे डोंगर आपसूक उभा असतो आणि चित्र निम्मे तोच काढून देतो. येथे तशी सोय नाही. बालाघाटचा चढ तुळजापूरच्या बाजूला लागतो. तलावाभोवती आहे ते सपाट पठार, काळी रानं, हुरड्यावर आलेली ज्वारी, बाभळी आणि भरपूर आभाळ. त्यामुळे येथले चित्र धुके, तिरपे ऊन आणि स्थिर पाणी या तिघांवरच उभे राहते, आणि तिन्ही गोष्टी सकाळी नऊच्या आत संपतात. किती किलोमीटर चालायचे हे ठरवण्याआधी उजाडताना कोठे उभे राहायचे हे ठरवावे, असे माझे मत त्यावरूनच झाले.

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सोलापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आणि तो नेमका पूर्वेला न उगवता बराच दक्षिणेकडे, पूर्व आणि आग्नेय यांच्या मधोमध सरकून उगवतो. बांध तलावाच्या सोलापूरकडच्या अंगाला असल्याने बांधावरून पाण्याकडे पाहिले की ऊन उजव्या खांद्यामागून येते. रंग चांगले मिळतात, पण धुके सपाट दिसते. धुक्यात शिरलेले ऊन हवे असेल तर पश्चिमेच्या काठावर जाऊन सूर्याकडे तोंड करून उभे राहावे लागते. हे धुकेही रोज पडत नाही. रात्री आभाळ निरभ्र असेल, वारा पडलेला असेल आणि हवा पाण्यापेक्षा चांगलीच गार झाली असेल, तरच पाण्यावरची वाफ थिजून पांढरी होते. आदल्या संध्याकाळी ढग दिसले तर खुशाल झोपावे.

आता पहिल्या दिवसाची फजिती. कॅमेऱ्याला थंडीची सवय व्हावी म्हणून तो रात्रभर गच्चीवर ठेवावा, असा सल्ला कोणीतरी दिला होता आणि मी तो पाळला. काठावर पोहोचून पिशवी उघडली, तर पाण्याजवळच्या दमट हवेपेक्षा भिंग गार असल्याने त्यावर क्षणात दव धरले. मी रुमालाने पुसत होतो आणि ते पुन्हा धरत होते. गार पाण्याचा तांब्या बाहेरून घामेजतो, तसे. त्या गडबडीत वीस-पंचवीस मिनिटे गेली आणि तेवढ्यात धुके उठून गेले. घरी संगणकावर पाहिले तेव्हा पहिली चाळीस छायाचित्रे दुधाळ निघाली होती. दुसऱ्या दिवशी कॅमेरा घरात उबेला ठेवला, मोटारसायकलवर स्वेटरच्या आत धरून नेला, आणि दवाचा थेंबही दिसला नाही.

दुसऱ्या पहाटे सव्वासहाला आम्ही पश्चिम काठावर होतो. ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळे ओढणारे एक मामा धुक्यातून हळूहळू बाहेर आले, आणि त्या दोन दिवसांतले एकमेव मनाजोगते चित्र तेव्हा मिळाले: पुढे बेशरमाची झुडपे, मध्ये त्यांची वाकलेली पाठ, मागे काहीच नाही. कॅमेरा अशा पांढऱ्या दृश्याला राखी करून टाकतो, म्हणून कॅमेऱ्यातला उजेड पाऊण ते एक टप्पा (स्टॉप) वाढवून घ्यावा लागतो. काठाला आल्यावर मामांना आदल्या दिवशीची हकिकत सांगितली, तर ते म्हणाले, “एकदा वारं उठलं की काय घावतंय व पावणं? मासा बी न्हाई अन् फोटू बी न्हाई.” पावणेनऊला वारा उठला आणि पाण्यातली बाभळीची प्रतिबिंबे मोडली.

पक्ष्यांसाठी मी गेलो नव्हतो, पण चक्रवाक आणि पट्टकदंब टाळणे शक्य नव्हते. त्यांच्यामागे धावत पाण्यात उतरणाऱ्या हौशी मंडळींना आवर घालावासा वाटतो. थवा उठला की सगळ्यांचीच सकाळ बिघडते. काठावर बसून राहिल्यास वारकरी पक्षी स्वतःहून जवळ येतात.

दोन्ही दिवस मिळून नऊ-दहा किलोमीटर चालणे झाले. अंतर किरकोळ असले तरी पाणी उतरलेल्या जागची काळी माती दवाने ओली होऊन बुटाला अशी धरते की शंभर पावलांत पाय दुप्पट जड होतो. म्हणून शेताच्या बांधावरूनच चालावे, आणि मालक दिसल्यास विचारून. वेड्या बाभळीचा काटा कॅनव्हासच्या तळव्यातून आरपार जातो, तेव्हा जाड तळव्याचे बूटच घालावेत. तिपाईचे पाय चिखलात रुततात, त्यावर मी घराच्या कामातून उरलेले शहाबादी फरशीचे तीन तुकडे नेले होते. भावाने ओझ्यावरून चेष्टा केली, पण कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवून घेतलेले एकही छायाचित्र हलले नाही. तलावाच्या बांधावर जाण्यापूर्वी तेथील कर्मचाऱ्यांना विचारावे.

पुण्याहून येणाऱ्यांनी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने रात्री पोहोचून मुक्काम करावा आणि पहाटेची रिक्षा रात्रीच ठरवून ठेवावी, कारण त्या वेळी रस्त्यावर वाहन मिळेलच असे नाही. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस मात्र टाळावेत. शहरातले लॉज भरलेले असतात.

वेळ उरल्यास हैदराबाद रस्त्याने नळदुर्ग गाठता येतो. बोरी नदीवरचा आदिलशाही बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल पाहण्याजोगा आहे, पण नर-मादी धबधब्यांसाठी हिवाळ्यात जाऊ नये. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही कोरडे होते. किल्ल्यात दिवसाच प्रवेश असल्याने पहाटेचा विचार सोडावा आणि दुपारी चारनंतर जावे. काळ्या दगडाच्या बंधाऱ्यावर ऊन तिरपे झाले की चिऱ्यांमधला प्रत्येक सांधा मोजता येतो.