काळं पडलेलं कार्टूनचं नाणं: घासू नका

कार्टूनचं चांदीचं नाणं काळं पडलं, फसवणूक झाली का आणि ते साफ कसं करायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पॅसिफिक महासागरातल्या नियुए बेटाच्या नावाने निघालेलं मिकी माउसचं चांदीचं नाणं वाशीच्या घरात काळपट पडलं, म्हणजे फसवणूक झाली असं नाही. ९९.९ टक्के चांदीचा स्वभावच तो. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा जो वास येतो ना, त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. तोच चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढवतो: आधी पिवळसर, मग जांभळट, शेवटी काळा. पावसाळी दमटपणा त्याला हातभार लावतो.

टूथपेस्ट, चिंच, भांड्यांची पावडर, सराफाकडचं पॉलिश, काही नको. प्रूफ नाण्याची, म्हणजे संग्रहासाठी खास चकचकीत काढलेल्या नाण्याची, पाटी (चित्राभोवतीचा सपाट भाग) आरशासारखी लख्ख आणि चित्र धुरकट असतं. त्या आरशावर मऊ फडका फिरवलात तरी बारीक ओरखडे उठतात, ते परत जात नाहीत. बेकिंग सोडा आणि अॅल्युमिनियम फॉइलचा उपाय ताट-वाटीला ठीक, नाणं त्याने निस्तेज होतं. रंगीत नाण्यावरचा रंग छापलेला असतो. अॅसिटोन लावलंत तर मिकीची लाल चड्डीच उतरायची. बिनरंगी नाण्यावर पीव्हीसी या मऊ प्लास्टिकच्या पाकिटामुळे हिरवट चिकट थर आला असेल, तेव्हा मात्र शुद्ध अॅसिटोनमध्येच बुडवावं, नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये नव्हे. त्यात तेल आणि सुगंध असतो.

ठेवायचं कसं? कडक अॅक्रिलिकच्या, बरोबर मापाच्या कॅप्सूलमध्ये, म्हणजे नाण्याच्या पारदर्शक डबीत. सैल असेल तर नाणं आत खुळखुळून कडा घासतात. कॅप्सूल हवाबंद डब्यात, सोबत ओल शोषणारं सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की ते बदला. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद डब्यात नको, दोन्हींतून गंधक सुटतं. ‘द स्नोमॅन’ या कार्टूनपटाचं ब्रिटिश ५० पेन्सचं साधं नाणं तांबं-निकेलचं, ८ ग्रॅमचं, त्याला एवढे लाड लागत नाहीत. हात मात्र कडेलाच लावायचा.

खरं-खोटं पाहायचंय? एक औंसाचं (चांदीसाठी वापरतात तो ट्रॉय औंस) नाणं ३१.१ ग्रॅम भरायला हवं. पण नुसत्या वजनावर जाऊ नका, जाड पितळही तेवढं भरतं. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा. नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. एक औंसाच्या नाण्याला काटा २.९७ ग्रॅमच्या आसपास थांबला तर चांदी. साडेतीन किंवा पुढे गेला तर आत तांबं-पितळ. प्रूफ आणि रंगीत नाण्यांवर हा प्रयोग करू नका, कॅप्सूल उघडलं की पाण्याचे डाग आणि बोटांचे ठसे आलेच.