नोंद ११: दोष गर्दीचा नव्हता

मंडळी, सापडलं! लोकलमध्ये ब्लूटूथ हेडफोनवरचा आवाज मध्येच जाण्याच्या ज्या तुटीच्या मागे नोंद ४ पासून लागले होते, तिचं मूळ रविवारी सकाळी दादरच्या पुलावर हाती लागलं. सगळं सुटलंय असं नाही, घाटकोपरचं शेवटी सांगते. पण नोंद ९ मध्ये मी अगदी छातीठोकपणे लिहिलं होतं की लोकलच्या गर्दीत एलडॅक (ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी आवाज आवळून लहान करणारा कोडेक) ९९० वर, म्हणजे सेकंदाला ९९० किलोबिट या त्याच्या सर्वांत वरच्या दर्जावर (खालचे दोन ६६० आणि ३३०), चालणं शक्य नाही, माणसांची शरीरं सिग्नल पिऊन टाकतात. ते विधान आज मागे घेते.

मांडणी तीच आहे. फोन तोच, हेडफोन तेच ओव्हर-इअर, फोनच्या सेटिंगमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये एलडॅक, ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने), २४ बिट, दर्जा ९९० वर बांधलेला. चाचणीचं ध्वनिमुद्रणही तेच: गिरगावात आत्याच्या खोलीत ४८/२४ वर केलेला तानपुरा, वीस मिनिटं, मध्ये काही नाही. तबला असलेल्या गाण्यात पाव सेकंदाची तूट ठेक्यात लपून जाते. तानपुऱ्यात लपायला जागाच नाही. शिवाय जवारी. घोडीवरच्या तारेखाली दोरा नेमका बसला की एका खर्जातून वरचे स्वर एकामागून एक उमलत जातात, आणि कोडेक कंजूषपणा करायला लागला की पहिला घाव तिथेच पडतो. झांजा आणि टाळही वापरून पाहिले होते, पण तानपुऱ्याइतकं स्वच्छ उत्तर कशानेच मिळालं नाही.

तर रविवार. मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत आत्याकडे पोचायचं म्हणून सकाळची स्लो पकडली. मुलुंडला लेडीज डब्यात माझ्यासह चारजणी. खिडकीची जागा, पुढ्यात कुणी नाही, फोन मांडीवर, हेडफोनपासून हातभर अंतरावर. मनात म्हटलं, आज ९९० अखंड चालणार. नाहूर यायच्या आत तूट. भांडुपला परत. मग वहीच काढली आणि प्रत्येक तुटीला एक रेघ मारत गेले. विक्रोळीपर्यंत अकरा रेघा, आणि त्यांच्यात एक लय होती. दोन-तीन तुटी लागोपाठ, मग बराच वेळ शांत, मग पुन्हा दोन-तीन. गर्दीमुळे तुटत असतं तर माणसं चढताना-उतरताना तुटलं असतं. इथे डबा रिकामा आणि तुटी घड्याळ लावल्यासारख्या. म्हणजे बाहेरचं काही नाही, फोनच ठराविक वेळाने दुसरं काहीतरी करतोय.

वायफाय बंद होतं, हे मी नोंद ५ पासून पाळते आहे. बहुतेक फोनमध्ये एकाच चिपवर वायफाय आणि ब्लूटूथ असतात, बऱ्याचदा अँटेनाही एकच, आणि २.४ गिगाहर्ट्झवर दोघांना आळीपाळीने बोलावं लागतं. दादरला उतरून पश्चिमेकडे जाताना पुलावर थांबले, आणि आठवलं की ‘लोकेशन’च्या पानावर वायफाय स्कॅनिंग नावाचं वेगळं बटण असतं. वायफाय बंद केलं तरी ते चालूच राहतं. कुठल्याही अ‍ॅपने जागा विचारली की फोन आसपासची वायफाय हुंगायला निघतो, म्हणजे अँटेना ब्लूटूथकडून काढून घेऊन एकेका वाहिनीवर थोडा थोडा वेळ कान लावून बसतो. ते बटण बंद केलं आणि चर्चगेट स्लो पकडली.

प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी. एकही रेघ नाही. मुंबई सेंट्रलची मला धास्ती होती, कारण स्टेशनांवरचं गूगल-रेलटेलचं मोफत वायफाय जानेवारी २०१६ मध्ये देशात सर्वांत आधी तिथे सुरू झालं, आणि माझ्या जुन्या वहीत सगळ्यांत जास्त रेघा त्याच स्टेशनासमोर आहेत. गाडी थांबली, सुटली, तानपुरा चालूच. चर्नी रोडपर्यंत मिळून एक तूट. डोळ्यांत पाणी आलं, खरंच. समोर बसलेल्या बाईंनी विचारलं, ‘‘काय गं, बरं आहे ना?’’

येताना उलट तपासणी केली. चर्नी रोड ते दादर बटण चालू: चौदा रेघा. दादर ते मुलुंड बंद: तीन. रात्री फोनचा ब्लूटूथ लॉग काढला. नोंद १० मधला रिकामा लॉग आठवत असेल. त्याचं कारण म्हणजे ए२डीपी हार्डवेअर ऑफलोड, म्हणजे ब्लूटूथवरच्या आवाजाचं काम फोनच्या मुख्य प्रोसेसरकडून काढून वेगळ्या चिपवर सोपवणं. ते चालू असेल तर आवाज ध्वनी-चिपमध्येच एन्कोड होतो, त्याची पाकिटं थेट ब्लूटूथ चिपकडे जातात आणि एचसीआय स्नूप लॉगमध्ये (फोन आणि ब्लूटूथ चिप यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या नोंदीत) दिसतच नाहीत. ऑफलोड बंद करून फोन रीस्टार्ट केला की दिसतात. या एका गोष्टीपायी दोन आठवडे गेले, तेव्हा लॉग घेणाऱ्यांनी आधी तेवढं तपासा. वायरशार्क या लॉग वाचायच्या प्रोग्रॅममध्ये रविवारचा लॉग उघडला तर चित्र स्वच्छ होतं: सेकंदाला १८७-१८८ पाकिटं एका चालीत जाताहेत, मग अचानक ९० ते १२० मिलिसेकंद चिपकडून एकाही पाकिटाची पोच नाही, आणि मग पोचांचा लोंढा. वहीतल्या रेघांच्या वेळा आणि ही भगदाडं जुळतात.

आता खरा प्रश्न. शंभर मिलिसेकंद म्हणजे फार नाही. हेडफोनच्या बफरने तेवढं झाकायला हवं. ९९० वर ते का झाकलं जात नाही? याचं उत्तर मी कागदावर मांडून पाहिलं आणि या छंदात इतका आनंद मला क्वचित झालाय.

एलडॅकची एक फ्रेम १२८ नमुन्यांची, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला ३७५ फ्रेम. ९९० वर एक फ्रेम ३३० बाइट, ६६० वर २२०, ३३० वर ११०. ब्लूटूथच्या २-डीएच५ या मोठ्या प्रकारच्या पाकिटात ६७९ बाइट मावतात. त्यातून हेडर वजा केले की ९९० च्या दोन फ्रेम बसतात, ६६० च्या तीन, ३३० च्या सहा. म्हणजे सेकंदाला पाकिटं अनुक्रमे १८७.५, १२५ आणि ६२.५. लॉगमधला आकडा नेमका हाच. पुढे, २-डीएच५ पाच खाचा (वेळेचे ठरलेले तुकडे) घेतं आणि उत्तराची एक, अशा सहा. एक खाच ६२५ मायक्रोसेकंदांची, म्हणजे पाकिटामागे ३.७५ मिलिसेकंद. गुणाकार करा: ९९० ला हवेतला सुमारे ७० टक्के वेळ नुसत्या पहिल्या पाठवणीत जातो. ६६० ला ४७ टक्के. ३३० ला २३ टक्के.

उरलेल्या ३० टक्क्यांत सगळं भागवायचं: पोचलं नाही ते परत पाठवणं, फोनला जोडलेल्या मनगटी स्मार्ट घड्याळाशी बोलणं, आणि साचलेली थकबाकी फेडणं. १०० मिलिसेकंद काहीच गेलं नाही तर ९९० ला ती थकबाकी फेडायला आणखी २३५ मिलिसेकंद लागतात, आणि तेही मध्ये एकही पाकीट खराब न होता. ६६० ला ९० च्या आत काम होतं. म्हणून ९९० ला लागोपाठ दोन-तीन तुटी येत होत्या: पहिली थकबाकी फिटायच्या आत फोन पुढच्या वाहिनीवर कान लावायला निघालेला. इतके दिवस मी सिग्नलच्या ताकदीच्या मागे होते. कमतरता ताकदीची नव्हती, वेळेची होती.

हे लिहिता लिहिताच एक सुचलं. ४४.१ वर हीच फ्रेम सेकंदाला ३७५ ऐवजी ३४४.५ येते. म्हणजे तोच दर्जा ९०९ वर बसतो आणि हवेतला वेळ ६५ टक्क्यांच्या खाली जातो. माझा निम्म्याहून जास्त संग्रह सीडीवरून उतरवलेला, ४४.१ चाच आहे. त्याला ४८ वर चढवून पाठवण्यात ना आवाजाचा फायदा, ना वेळेचा. तेव्हा आजपासून सीडीच्या फाइलींसाठी ४४.१. दर वेळी हेडफोन जोडले की डेव्हलपर ऑप्शन्सचं पान पुन्हा उघडावं लागतं, कारण माझा फोन निवड विसरून ‘बेस्ट एफर्ट’वर (दर्जा आपोआप बदलणाऱ्या पर्यायावर) जातो. ते मला मुळीच पसंत नाही, पण अजून उपाय मिळालेला नाही.

शनिवारी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेले होते, तेही सांगायला हवं, म्हणजे कुणाचे पैसे वाचतील. नोंद १० मध्ये म्हटल्याप्रमाणे फोनच्या चिपला पर्याय म्हणून टाइप-सी ट्रान्समीटर घ्यायचा बेत होता. एका दुकानात मिळाला, खोक्यावर ठळक अक्षरांत एलडॅक. घरी जोडला तर हेडफोनने एसबीसी (ब्लूटूथचा मूळचा, साधा कोडेक) सांगितलं, काहीही केलं तरी एसबीसीच. संध्याकाळी परत नेला. पैसे नाहीत, बदली वस्तू घ्या म्हणाले, मग ओटीजी केबल आणि कार्ड रीडर घेऊन आले. ट्रान्समीटर घ्यायचाच असेल तर दुकानात उभ्या उभ्या आपल्याच हेडफोनला जोडून बघा, आणि कोडेक दाखवणारा दिवा किंवा अ‍ॅप नसेल तर घेऊ नका. मला आता त्याची गरजही वाटत नाही. तो बेत रद्द.

आत्याकडे एक आंधळी चाचणी घेतली. भाच्याने फोन हातात घेऊन आतल्या खोलीतून सेटिंग बदलायची, आत्याने आणि मी आळीपाळीने हेडफोन लावून सांगायचं. ९९० की ६६०: आत्या दहापैकी पाच, मी सहा. म्हणजे ओळखता आलं नाही. मग ६६० की एसबीसी: आत्या दहापैकी नऊ. दुसऱ्याच फेरीला तिने डोळे मिटून मान हलवली आणि म्हणाली, ‘‘हा माझा तानपुरा नव्हे. दोरा सरकलाय याचा.’’ चाळीस वर्षं तो तानपुरा लावणाऱ्या बाईचं हे वाक्य मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

एसबीसीला मात्र यात सरसकट दोष देणार नाही. लॉगमध्ये पाहिलं तर माझे हेडफोन बिटपूल (एसबीसीचा दर्जा ठरवणारा आकडा) ३५ च्या वर जायलाच तयार नाहीत, म्हणजे साधारण २२९ केबीपीएस. तोच कोडेक बिटपूल ५३ वर ३२८ देतो. हेडफोन बनवणाऱ्यांनी तिथे हात आखडता घेतलाय, आणि ते खोक्यावर कुठेही लिहिलेलं नसतं. हेडफोन घेताना कोडेकच्या नावांची यादी बघण्यापेक्षा हे आकडे कुणीतरी मोजून ठेवायला हवेत. माझ्याकडून सुरुवात: माझे ३५.

आत्याच्या पाच गुणांनी माझाही बेत बदलला. प्रवासात ९९० चा हट्ट सोडला. लोकलमध्ये ६६० बांधलेलं, घरी रात्री ९९० किंवा ९०९. ‘बेस्ट एफर्ट’ नाही, कारण तो अडचण आली की दर्जा खाली आणतो आणि तानपुऱ्यात ते उतरणं ऐकू येतं.

शरीरं सिग्नल पितात हे खोटं नाही, एवढंच की ते दुय्यम आहे. हेडफोनचे दोन्ही कप एकेक करून तळव्याने झाकून पाहिले. उजवा झाकला तर काही नाही, डावा झाकला की ९९० लगेच अडखळतं. म्हणजे अँटेना डाव्या कपात. माझी पर्स कायम उजव्या खांद्यावर, फोन तिच्यात. फोन आणि अँटेना यांच्यामध्ये अख्खी मी उभी. सोमवारपासून पर्स डाव्या खांद्यावर. सवय नसल्याने पहिल्या दिवशी चढताना दोनदा अडकले, आता जमतंय.

तीन दिवसांची वही: स्कॅनिंग बंद, ६६०, पर्स डावीकडे, घड्याळ जोडलेलं, सकाळी ८.४० च्या सुमारासची, लेडीज डबा खच्चून भरलेला. सोमवार: मुलुंड ते दादर दोन. मंगळवार: दोन. बुधवार: दोन. सहाही तुटी घाटकोपरला, गाडी फलाटात शिरताना. स्कॅनिंग बंद असल्याने ते भगदाड लॉगमध्ये नाही. तिथे पाकिटं जातात पण पोच उशिरा येते, म्हणजे ती परत परत पाठवावी लागताहेत. मेट्रोचा पूल, फलाटावरची वायफाय, शेकडो फोन, सगळं एकाच जागी. ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला जास्तीत जास्त १६०० वेळा उड्या मारतो आणि खराब वाहिन्या टाळतो, पण किमान वीस तरी त्याला वापराव्याच लागतात. त्या वीसही तिथे स्वच्छ मिळत नसाव्यात, असा माझा अंदाज.

शुक्रवारी घड्याळ घरी ठेवून त्याच गाडीने जाते. तरीही तुटलं तर शनिवारी दुपारी घाटकोपरला फलाटाच्या दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं उभी राहून लॉग घेईन, एकदा ६६० वर आणि एकदा ३३० वर.