भट्टी, व्हिसा आणि माझं मत

इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्पमध्ये मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा बदललेल्या माणसाचा पाय वाकवून घेताना तो खूप बोलतो, दुखणं विसरायला. तीस वर्षं पोलाद कारखान्यात काढलेले एक काका असेच बोलायचे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या डाव्या मजूर पक्षाचं. २०१९ला त्यांनी उजव्या हुजूर पक्षाला मत दिलं, २०२४ला परत मजूर पक्षाला, आणि १ मे २०२५ला महापौरपदासाठी आणखी उजव्या रिफॉर्म पक्षाला. तिन्ही वेळा मागणी एकच : भट्ट्या विझू देऊ नका.

माझे आजोबा परळला गिरणीत होते. आमच्या घरात डावे म्हणजे लाल बावटा, त्यात संशयाला जागाच नव्हती. इथे मात्र मला उलगडा होईना. हा पोलाद उद्योग १९६७ला मजूर सरकारने सरकारी केला, १९८८ला हुजूर पक्षाच्या थॅचरबाईंनी विकला. आणि एप्रिल २०२५मध्ये चिनी मालक भट्ट्या बंद करायला निघाल्यावर राष्ट्रीयीकरण करा म्हणत गावात आले कोण, तर रिफॉर्मचे नेते नायजेल फराज! चारच दिवसांनी, शनिवारी १२ एप्रिलला, सुट्टीवरची संसद बोलावून मजूर सरकारने एका दिवसात कायदा केला आणि कारखान्याचा ताबा घेतला. विरोधात कुणी मतदानसुद्धा मागितलं नाही. त्या संध्याकाळी मला खरंच आनंद झाला होता. गिरण्या बंद पडल्यावर परळचं काय झालं, ते घरात ऐकतच मी मोठी झाले.

इथल्या वीजबिलावरच्या दरमर्यादेचंही तेच. २०१३ला मजूर पक्षाच्या मिलिबँडनी दर गोठवायचं म्हटलं, तर हुजूरांनी त्यांना मार्क्सवादी म्हणून झोडपलं. २०१८ला हुजूरांच्याच थेरेसा मेंनी दरमर्यादेचा कायदा केला.

पैशाच्या बाबतीत उजवे डावीकडे सरकले, ते मला पटतं. पण परक्या माणसांच्या बाबतीत डावे उजवीकडे सरकले, आणि त्या परक्यांत मी आहे. १२ मे २०२५ला मजूर पक्षाचे पंतप्रधान स्टार्मर म्हणाले, आपण ‘अनोळखी लोकांचं बेट’ होण्याचा धोका आहे. त्याच दिवशी कायम वास्तव्यासाठी पाचऐवजी दहा वर्षांचा प्रस्ताव आला. माझी चार झाली होती. सप्टेंबरात रिफॉर्मने कायम वास्तव्याचा परवानाच रद्द करू म्हणून जाहीर केलं.

राष्ट्रकुलातली म्हणून मला इथे मताचा हक्क आहे. कारखाना वाचवणाऱ्याला मत द्यावं, तर मला राहू देणारा कोण, हे कळत नाही. दोन्ही गोष्टी एका पक्षात सापडत नाहीत, आणि याचा मला राग येतो.

शेवटच्या भेटीत काका म्हणाले, “दुसरा गुडघाही तूच बघ हं.” मी त्यांना माझ्या व्हिसाबद्दल सांगितलं. रिफॉर्मचं म्हणणंही सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मी भट्टीपलीकडे बघितलंच नाही गं.” आणि न सांगता पाय उचलून पुन्हा वाकवायला लागले.