आभाळ आलं की फॅमिली फोटोला रामटेक

"आज ऊनच नाही, फोटो काय येणार?" हे नागपुरात पावसाळाभर ऐकू येतं आणि दरवेळी डोकं फिरतं. घरच्यांचा फोटो काढायला ढगाळ दिवसासारखा दिवस नाही. उन्हात अर्धे जण डोळे बारीक करतात, ढगाखाली सगळे नीट बघतात. गोम एवढीच, की हा उजेड मऊ असला तरी येतो डोक्यावरून. मोकळ्या मैदानात उभं केलं की भुवयांखाली काळे खळगे पडतात.

म्हणून फुटाळा आणि अंबाझरी हे नागपुरातले तलाव माझ्या यादीतून बाद. पाठीमागे पाणी आणि पांढरं आभाळ असलं की कॅमेरा उजेड त्याच्यावरूनच मोजतो आणि चेहरे काळवंडतात. एक्सपोजर (कॅमेऱ्यात येणारा उजेड) वाढवलं तर चेहरे उजळतात, पण आभाळ कोऱ्या कागदासारखं होतं. शिवाय रविवारची गर्दी! सेमिनरी हिल्सची झाडी त्यापेक्षा बरी, पण तिथे पानांचा हिरवा रंग गालांवर उतरतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगछटेची सेटिंग, गुलाबीकडे सरकवून तो कमी होतो, हनुवटीखाली मात्र राहतोच.

म्हणून टेकडीवरच्या राममंदिराचं रामटेक, नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर. मनसरचं वळण आलं की एसी बंद करून काचा खाली करायच्या. थंड गाडीतून कॅमेरा थेट दमट हवेत काढला की लेन्सवर वाफ धरते आणि पुसून काही उपयोग होत नाही, पुन्हा धरते. गाडी वर गडापर्यंत जाते, त्यामुळे आजी-आबाजींना पायऱ्यांचं टेन्शन नाही. ओल्या दगडांवर मात्र त्यांचा हात धरायचा.

खरा स्टुडिओ म्हणजे गडाचे दरवाजे. भैरव दरवाजासारख्या दगडी दरवाजात वरचा उजेड छत अडवतं आणि समोरचं मोकळं आभाळ खिडकीसारखं काम करतं. मंडळींना बाहेरच्या कडेपासून हात-दीड हात आत उभं करायचं, तोंडं बाहेर, आपण बाहेर. कडेवर उभे राहिले तर कपाळावर पुन्हा वरचा उजेड पडतो, फार आत गेले तर डोळ्यांतली चमक विझते. ती चमक हीच खूण: बुबुळात आभाळाचा पांढरा ठिपका दिसला की जागा बरोबर. दरवाजाचं दुसरं तोंड डोक्यांमागे पांढरं दिसत असेल तर दोन पावलं बाजूला सरकून मागे भिंत घ्यायची.

आजी-आबाजींना घडीच्या खुर्च्यांवर बसवून बाकीचे मागे, अगदी चिकटून. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ५.६ वर; आकडा लहान तितकं भोक मोठं आणि फोटोतला स्पष्ट पट्टा अरुंद. एफ १.८ ने पार्श्वभूमी धूसर होते खरी, पण मागच्या रांगेतले काका-काकूही धूसर होतात. लहान पोरं असतील तर शटरचा वेग १/२५० सेकंदापेक्षा हळू नको, मग आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ८०० ते १६०० लागला तरी चालेल. त्याने फोटोत थोडे दाणे दिसलेले परवडतात, हललेला नातू परवडत नाही. मोबाइल असेल तर २एक्स (दुप्पट झूम) लावून मागे सरका, रुंद लेन्सने कडेच्या माणसांचे चेहरे ताणले जातात. आबाजींच्या चष्म्यात आभाळ चमकत असेल तर काड्या कानावरून किंचित वर उचलायच्या, काचा खाली झुकतात आणि चमक जाते. डोळ्यांखाली तरीही सावली उरली तर थर्माकोलचा पांढरा तुकडा फ्रेमबाहेर कमरेच्या उंचीवर आडवा धरायचा, म्हणजे उजेड खालून चेहऱ्यावर परततो.

कपड्यांत मरून, मोहरी, गडद निळा हे रंग काळ्या दगडापुढे उठून दिसतात. सगळ्यांनी एकसारखे पांढरे टी-शर्ट घालायची फॅशन कोणी काढली कोण जाणे, चेहऱ्याआधी नजर तिकडेच जाते.

सकाळी लवकर पोचलेलं बरं. नंतर दर्शनाची ये-जा याच दरवाजांतून असते आणि वाट अडवून फोटो काढणाऱ्यांवर लोक चिडतात, बरोबरच चिडतात. प्रसादाची पिशवी गाडीतच ठेवा, माकडं पोज संपायची वाट बघत नाहीत. भुरभुर सुरू झाली की फ्लॅश बंद, नाहीतर थेंबांचे पांढरे ठिपके सगळ्यांच्या तोंडासमोर येतात.