सेंतोसाची गोल होडी: सांगलीहून जाणाऱ्यांसाठी

सिंगापूरची सहल म्हटली की सेंतोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओसाठी एक अख्खा दिवस काढून ठेवावाच लागतो. तिथल्या जुरासिक पार्क विभागात गोल होडीची राईड आहे. आमचे दाजी रांगेतच नाक मुरडत होते. आयर्विन पुलावरून कृष्णेत उड्या मारलेला माणूस, त्याला चरातल्या पंपाच्या पाण्याचं काय कौतुक?

पाणी पंपाचंच असतं, हे कबूल. होडी बुडाला सपाट, भोवती हवा भरलेली जाड रबरी कड. चराच्या तळाला मुद्दाम अडथळे बसवलेले असतात, त्यांच्यावरून पाणी उसळतं आणि होडी काठाला थडकत गिरक्या घेत जाते. या जातीची पहिली राईड इंटामिन या स्विस कंपनीने १९८० साली अमेरिकेत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्ड या करमणूक पार्कमध्ये उभारली. हिला सुकाणू नाही की वल्हं नाही. त्यामुळे ‘कोरडी जागा कुठली?’ असं तिथल्या पोरांना विचारण्यात काही अर्थ नाही. प्रत्येक फेरीला बकरा वेगळा.

सेंतोसाच्या होडीत नऊ जण गोलाकार बसतात, तोंडं एकमेकांकडे. सुरुवातीला झाडी, संथ पाणी, माना उंचावलेले गवतखाऊ डायनोसॉर. वहिनींनी तेवढ्यात केसही नीट करून घेतले. पुढच्या वळणाला लाट आली ती सरळ त्यांच्या मांडीवर. बसायची जागा खोलगट असल्यामुळे आत आलेलं पाणी लगेच जात नाही, आपण त्यातच बसून राहतो. मग होडी अंधाऱ्या इमारतीत शिरते, टी-रेक्सचा जबडा अंगावर येतो आणि होडी लिफ्टने सरळ वर उचलली जाते. हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, आणि मला सगळ्यात आवडलं ते हेच. वर क्षणभर थांबून होडी उतारावरून धाडकन बाहेर. दाजींची नेमकी पाठ होती उताराकडे. समोर काहीच दिसलं नाही, फक्त मागून कॉलरमध्ये पाणी शिरलं. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘परत बसूया की!’

आता कामाचं. मोबाईल, पासपोर्ट, पैशाचं पाकीट लॉकरमध्ये ठेवा. खिशात प्लॅस्टिकची पिशवी घालून भागत नाही. कोल्हापुरी चप्पल अजिबात नको, चामडं भिजलं की दिवसभर पाय घसरतो. मागे पट्टा असलेली रबरी सँडल उत्तम. जीन्स नको. रेनकोट तिथे विकत मिळतो, पण घरूनच पातळ घेऊन जावा. अर्थात पाणी खालूनही येतं, तेव्हा कपड्यांचा एक जोड पिशवीत हवाच. लहान मुलांची उंची मोजूनच आत सोडतात, तिथे रडारड चालत नाही. ज्यांना पाठीचा किंवा मानेचा त्रास आहे त्यांनी बाहेरच थांबलेलं बरं.

शेजारीच वॉटरवर्ल्डचा स्टंट शो असतो आणि त्यातही पुढच्या बाकांवर पाणी उडवतात. भिजायचंच आहे तर राईड आणि शो पाठोपाठ उरका, मग कपडे बदला. हे सगळं दुपारच्या उन्हात करा. ओल्या अंगाने एसी दुकानात शिरलं की दात वाजतात. सिंगापूरला पाऊस कधीही येतो. विजा कडाडायला लागल्या की उघड्यावरच्या राईड बंद करतात, म्हणून ही राईड संध्याकाळवर टाकू नका.

सेंतोसाला व्हिवोसिटी मॉलमधून छोटी ट्रेन आहे. ज्यांना चालता येतं त्यांनी बोर्डवॉकवरून, म्हणजे पाण्यावरच्या पायवाटेवरून, चालत जावं, रस्ता छान आहे आणि पैसेही वाचतात. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, त्यामुळे भडंगाचा डबा हॉटेलवरच राहू द्या. पाण्याची बाटली मात्र न्या. तिथे नळाचं पाणी बिनधास्त प्यावं.

आणि सामान भरतानाच एक लक्षात ठेवा. खसखस सिंगापुरात बंदी असलेल्या वस्तूंत मोडते. आईने प्रेमाने बांधून दिलेले अनारसे, खसखस घातलेला मसाला, सगळं घरी ठेवा. खायची तंबाखू, मावा, गुटखा यांचंही तेच. दाजींची पुडी आम्ही निघतानाच काढून घेतली होती.